मुक्कामाची एसटी कुठवर जाते?

ताई, सप्रेम नमस्कार.
आम्ही दोघं पुण्यात राहतो. मुलगी लग्न होऊन बंगळुरूला गेली. ह्यांनी मार्चमध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली, वय ५६. माझी शाळेतली नोकरी अजून दोन वर्षं आहे. डोंगरात छोटी लाकडी केबिन बांधायची आणि वर्षातले सहा-सात महिने तिथे राहायचं, हे ह्यांचं जुनं स्वप्न. रात्री दुसऱ्या कुणाचा दिवासुद्धा दिसायला नको म्हणतात. जमीन आणि घर मिळून ३५ लाख बाजूला काढलेत. तीन जागा पाहिल्या. पहिली पानशेतच्या वर, डोंगरउतारावरच्या स्कीममधला ११ गुंठ्यांचा प्लॉट. गेट, अंतर्गत रस्ते, सगळं तयार. दुसरी कोयनेच्या बॅकवॉटरला, बामणोलीहून लाँचनं पलीकडे. दीड एकर आणि फारच स्वस्त. हे तिच्या प्रेमात पडलेत. तिसरी वाईच्या पश्चिमेला, ह्यांच्या मित्राच्या चुलत्यांची, २४ गुंठे, वाडीपासून चालत दहा मिनिटं. ती ह्यांना ‘गावातच’ वाटते. बार्शीकडे ह्यांच्या नावावर वडिलोपार्जित शेती आहे. मला गाडी चालवता येत नाही. कोणती जागा घ्यावी? आणि लाकडी केबिन टिकेल का?
– एक वाचक, पुणे

नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय: मला गाडी चालवता येत नाही. तिन्ही जागांचा निकाल मी त्या वाक्यावरच लावणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

डोंगरात राहायला निघालेल्या जोडप्यांचं सगळं गणित बहुधा एकाच माणसाच्या हातापायांवर मांडलेलं असतं. गाडी तो चालवणार, पंप तो दुरुस्त करणार, गॅसची टाकी तो आणणार. तो तापानं आडवा झाला की घराचं बेट होतं. तुमच्या यजमानांना जो एकांत हवाय, त्यात तुम्हीही राहणार आहात आणि तिथून हवं तेव्हा स्वतःच्या पायांनी निघता येणं हा तुमचा हक्क आहे. तेव्हा एक तर गाडी शिका, आणि शिकलात तरी जागा अशी निवडा की गाडीवाचून अडणार नाही.

माझं माहेर पाटण तालुक्यातलं, धंदा बांधकामाचा. कुणी जागा दाखवायला नेलं की मी आधी विचारते, इथे मुक्कामाची एसटी कुठवर येते? संध्याकाळी गावात येते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे तालुक्याला परत निघते ती गाडी. ती जिथवर जाते तिथवरचा रस्ता जुलैतही बहुतेक चालू असतो. दरड आलीच तर ती उचलायची घाई प्रशासनाला आधी त्या रस्त्याची असते, कारण कॉलेजची पोरं आणि दूध दोन्ही अडकलेलं असतं. त्या रस्त्यानं लाइनमन येतो, आशाताई येते, भाजीचा टेम्पो येतो. घर त्या थांब्यापासून चालत अर्ध्या तासाच्या आत असावं. त्यापलीकडची जागा कितीही देखणी असली तरी ती सहलीची. एजंटाला हा प्रश्न विचारून बघा. ‘अहो, सगळ्यांकडे गाड्या आहेत आता’ असं म्हणाला तर समजून जा.

आता कोयनेकडे वळते, कारण मन तिकडे गुंतलंय.

शिवसागर जलाशयाचा तो भाग सुंदर आहे यात वाद नाही. नोव्हेंबरात तिथे गेलेला माणूस खुळावल्याशिवाय परत येत नाही. पण जमीन इतकी स्वस्त का, हे विचारलंत का? धरण झालं तेव्हा खोऱ्यातली सपाट, कसदार शेती पाण्याखाली गेली आणि वर राहिले ते उतार. घरटी माणसं मुंबईला गेली. साताऱ्याच्या या पश्चिम पट्ट्यातल्या कित्येक घरांतले पुरुष तिथे माथाडी कामगार झाले. त्यामुळे सातबारा बघाल तर पणजोबाच्या नावाखाली वारसांची रांग लागलेली असते. चार भाऊ, त्यांची मुलं, विधवा सुना, शिवाय लग्न होऊन गेलेल्या बहिणी, ज्यांची नावं कधी लागलीच नाहीत. तुम्हाला दीड एकर दाखवणारा माणूस त्या रांगेतला एक असतो. बाकीच्यांच्या सह्या तो ‘आणून देतो’. बहिणींचा हक्क आता कायद्यानं पक्का आहे. एकीची सही राहिली तर दहा वर्षांनी तिचा मुलगा दारात उभा राहील, आणि त्याचं चूक असणार नाही.

दुसरं, जागा कोणत्या महिन्यात पाहिलीत? मे महिन्यात पाणी खाली गेलं की काठाला सपाट, हिरवीगार जमीन उघडी पडते. एजंट माणसाला नेमका तिथे उभा करतो आणि हात फिरवून ‘हे सगळं’ म्हणतो. ती गाळपेराची जमीन असते, धरणासाठी संपादित झालेली, सरकारच्या मालकीची. पावसाळ्यात ती पुन्हा पाण्याखाली जाते. तुमचा दीड एकर त्या रेषेच्या वर कुठे सुरू होतो हे मोजणीशिवाय कळणार नाही.

तिसरं, २०१० साली तिथे सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान त्यात येतात. लाँचनं पलीकडे उतरलं की बरीच गावं एक तर अभयारण्यात आहेत नाहीतर त्याला लागून. तिथे विटा-वाळू नेण्यापासून रात्री ये-जा करण्यापर्यंत वन खात्याशी गाठ पडते. आणि गंमत बघा, एवढं सोसूनही एकांताची हमी नाहीच. त्याच खोऱ्यांत ‘नवीन महाबळेश्वर’ गिरिस्थान उभं करायचं सरकारनं ठरवलंय. त्यासाठी राज्य रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं आणि दोनशेहून जास्त गावं त्याच्या हद्दीत घेतली. ज्या डोंगरावर आज दिवा दिसत नाही, तिथे पुढे काय लुकलुकेल हे त्या आराखड्यात शोधावं लागेल.

भूकंपाचं मी फार भय घालणार नाही. ११ डिसेंबर १९६७ चा मोठा धक्का आमच्या भागातलं प्रत्येक घर अजून सांगतं आणि लहान हादरे अधूनमधून बसतात. भिंतींना नीट काँक्रीटचे पट्टे घातलेलं बैठं घर ते सोसतं. मला खरी भीती लाँचची वाटते. भर पावसात वारा सुटला की लाँच काठाला लागत नाही. तेव्हा तुमच्या घरात छातीत कळ आली तर? किंवा पायाला फुरसं चावलं तर? फुरसं, घोणस, मण्यार, नाग यांच्या विषावरची लस, म्हणजे प्रतिविष, सरकारी दवाखान्यात मिळते, पण दवाखान्यात पोचावं लागतं. यजमानांना हे वाचून दाखवा. रागावतील, रागावू देत.

पानशेतच्या प्लॉटबद्दल थोडक्यात सांगायचं तर घेऊ नका. कारण मात्र सविस्तर सांगते, कारण अशा स्कीमा वेल्हे म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात आहेत तशाच मुळशीत, मावळात, कर्जतलाही आहेत आणि तुम्ही नाही घेतलात तर तुमच्या ओळखीचं कुणीतरी घेईल.

शेतजमिनीचे वाटेल तेवढे तुकडे करून विकता येत नाहीत. १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा आहे. २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे, म्हणजे त्याहून लहान तुकडा पाडून विकता येत नाही. डोंगरउतारावरची जमीन जिरायतच असणार. मग तुमचे ११ गुंठे विकले कसे जाणार? बहुधा अख्ख्या गटात पंधरा-वीस अनोळखी माणसांबरोबर तुमचं नाव सामाईकात लागेल. कागदावर तुमचा हिस्सा, जमिनीवर मात्र तुमचा प्लॉट कोणता हे दाखवणारा नकाशा स्कीमवाल्याच्या ऑफिसातल्या भिंतीवर. उद्या विकायचं झालं, कर्ज काढायचं झालं, बांधकामाची परवानगी मागायची झाली, की त्या वीस जणांना एकत्र आणा. मंजूर बिनशेती लेआउट असेल तर गोष्ट वेगळी, पण मग जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आणि मंजूर नकाशा हातात ठेवतील. ‘एनए (म्हणजे बिनशेती) प्रोसेसमध्ये आहे’ हे उत्तर नव्हे.

आणि तो उतार. विकास नियंत्रण नियमावलीत पाचास एक किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकामाला बंदी आहे. पाच मीटर आडवं चालल्यावर एक मीटर उतरलात, तर संपलं. डोळ्यांना हा उतार फार वाटत नाही, म्हणून फसायला होतं. गवंड्याकडची पाण्याची लेव्हल-नळी घ्या, दोघं जण वर-खाली उभे राहा, दहा मिनिटांत कळेल. स्कीमवाले याच्यावर तोड म्हणून जेसीबीनं पायऱ्या कापतात. समोर सपाट, मागे मातीची उभी भिंत. त्या भिंतीच्या पायथ्याशी केबिन बांधून लोक पावसाळ्याची वाट बघतात.

माळीण ३० जुलै २०१४ ला गेलं, १५१ माणसांसह. महाडजवळचं तळिये २२ जुलै २०२१ ला. त्याच पावसात आमच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी आल्या. इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. तारखा बघा, सगळ्या जुलैच्या उत्तरार्धातल्या. महिनाभराच्या पावसानं मुरूम-मातीचा थर पोटभर पाणी प्यायलेला असतो, खालचा काळा कातळ पाणी घेत नाही, आणि त्यात दोन दिवस आभाळ फाटलं की वरचा थर कातळावरून घसरतो. इर्शाळवाडीला तर गाडीरस्ताच नव्हता. मदतीची माणसं चिखलातून चढून गेली आणि यंत्रं वर नेता आली नाहीत. ही जुनी, नांदती गावं होती, तेव्हा ‘वाडी पिढ्यान्‌पिढ्या आहे म्हणजे जागा सुरक्षित’ असंही धरून चालू नका. वाईची जागा पाहतानासुद्धा मागच्या डोंगराकडे नीट बघा. उतारावरच्या झाडांचे बुंधे बुडाशी वाकून मग वर सरळ झालेत का? गेल्या काही वर्षांत जमिनीला भेगा गेल्या का? पावसात एखादा झरा अचानक गढूळ झाला किंवा आटला, असं कुणी सांगतं का? घरामागून ओहोळ जात असेल तर त्याची वाट कुणी बुजवली नाहीये ना? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवण भागांचे नकाशे आहेत, तेही बघा. पण वाडीतल्या म्हाताऱ्या माणसाबरोबर डोंगराच्या कुशीत तासभर फिरा आणि त्याला बोलू द्या.

म्हणजे राहिली वाई. यजमानांना ती गावातच वाटते, आणि मला तर तिचं मोठं भांडवल तेच वाटतं. पण तिच्यातही अडचणी आहेत, त्या लपवत नाही.

पहिली अडचण २४ गुंठ्यांची. शेतजमिनीवर शेतघर बांधायचं तर साधारण एक एकर, म्हणजे ४० गुंठे जमीन लागते आणि ती खरोखर कसलेली असावी लागते. चुलत्यांकडे लगतचे आणखी सोळा गुंठे विकायला आहेत का, हे आजच विचारा. नसतील तर दुसरी वाट बिनशेतीची. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत निवासी वापरासाठी ती बरीच सोपी झाली आहे, पण दहा मिनिटं चालायचं म्हणजे तुम्ही त्या बाहेर आहात. शिवाय आपण जिला वाडी म्हणतो ती कागदावर गावठाण असतेच असं नाही, कित्येक वाड्या शेतजमिनीवरच उभ्या आहेत. प्रादेशिक योजनेत तो गट कोणत्या झोनमध्ये आहे याचा दाखला नगररचना कार्यालयातून आधी काढा. आणि कुणी सांगेल की केबिन आहे, पाया नाही, कंटेनर आहे, चाकं आहेत, परवानगी लागत नाही. ऐकू नका. जमिनीचा वापर बदलला की विचारणारा येतोच.

चुलत्यांच्या गटातून २४ गुंठे तुम्हाला दिल्यावर त्यांच्याकडे उरणारा तुकडाही वीस गुंठ्यांच्या खाली जाता कामा नये, हेही बघून ठेवा.

यजमान बार्शीकडचे खातेदार असल्यानं शेतजमीन घ्यायला त्यांना अडचण नाही. शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती घेता येत नाही, हे १९४८ च्या कुळकायद्याचं कलम ६३. पण घर दोघांचं, तेव्हा खरेदीखतावर नाव दोघांचं असावं असं मी म्हणेन. तुमच्या माहेरच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून तुमचं नाव लागलंय का? लागलं असेल तर तो उतारा काढून ठेवा. नसेल तर वकिलाला विचारा की तुमचं नाव कोणत्या पुराव्यावर घालता येईल. भावांनी मागे कधी हक्कसोडपत्रावर सही घेतली असेल तर तेही आठवून ठेवा, बायका सह्या करतात आणि विसरतात.

सातबारा हातात आला की क्षेत्रफळ सगळेच बघतात. तुम्ही आधी भोगवटा वर्ग आणि ‘इतर हक्क’ बघा. वर्ग १ असेल तर मोकळा श्वास घ्या. वर्ग २ म्हणजे सरकारची काही ना काही अट आहे. कुळाची जमीन असेल तर विक्रीआधी कुळकायद्याच्या कलम ४३ ची अट (परवानगीशिवाय विकायची नाही ही) नीट निभावलीय का ते तपासा. कुळानं ती विकत घेतल्याला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, ४० पट रक्कम भरून ती अट सुटते. इतर हक्कात ‘पुनर्वसन’ असा शेरा असेल तर थांबा. वाईकडे धोम, बलकवडी ही धरणं आहेत, तेव्हा हा शेरा तिथे अगदीच शक्य आहे. ‘राखीव वन’ किंवा खासगी वनाची नोंद असेल तर सरळ उठा. देवस्थान इनाम असेल तरी उठा. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर ती बिगरआदिवासीनं घ्यायची नसते. हे तुम्हाला वाईत बहुधा भेटणार नाही, पण उद्या कुणी भंडारदरा किंवा जुन्नरच्या पश्चिमेची जागा सुचवली तर लक्षात असू द्या. मग सगळे जुने फेरफार, मालकीच्या कागदांचा वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च, वर्तमानपत्रात नोटीस आणि भूमी अभिलेखकडून हद्द कायम मोजणी, शेजाऱ्यांसमोर. मोजणीचे पैसे वाचवून कुणी सुखी झालेला मी पाहिलेला नाही.

पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना जुलै २०२४ मध्ये पुन्हा आली आहे. त्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे आणि गावांची तालुकावार यादी आहे. गाव यादीत असलं तरी तुमच्या दोन खोल्यांना तिचा धाक नाही, बंदी खाणी, प्रदूषणकारी उद्योग आणि मोठ्या बांधकाम प्रकल्पांना आहे. मी तर म्हणेन यादीतलं गाव असेल तर बरंच, शेजारी खाण यायची नाही. महाबळेश्वर-पाचगणीचं २००१ सालचं संवेदनशील क्षेत्र मात्र वेगळं आणि बरंच कडक आहे. तुमचा गट वरच्या अंगाला सरकत असेल तर त्याच्या हद्दीबाहेर आहे ना, हे तपासा.

रस्ता हा शब्द एजंट फार सैल वापरतात. बैलगाडीची वहिवाट आणि नकाशावरचा रस्ता यांत जमीन-अस्मानाचा फरक. तुमच्या बांधापर्यंत पोचायला कुणाकुणाच्या शेतातून जावं लागतं ते मोजा. अडवणूक झाली तर तहसीलदाराकडे दाद मागता येते, कायदे आहेत, पण शेजाऱ्याशी तहसीलदारासमोर पहिली ओळख व्हावी अशी तुमची इच्छा नसेल. खरेदीखतातच वाटेचा उल्लेख, रुंदीसकट, घालून घ्या. आणि टेम्पो कुठवर येतो ते बघा, तिथून पुढे प्रत्येक गोणीची डोक्यावरची वाहतूक तुमच्या ३५ लाखांतून जाते. जमिनीवर निम्म्याच्या वर घालवू नका.

पाण्यासाठी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जा. सह्याद्रीत पाऊस कितीही पडो, उतारावरून तो धावत सुटतो आणि मेमध्ये त्याच गावाला टँकर लागतो. विहिरीत वाकून बघा. दगडावर पाण्याच्या जुन्या रेघा असतात, एकाखाली एक, आणि सगळ्यात खालची रेघ कपारीच्या बुडाशी असेल तर ते पाणी वाडीलाच पुरत नाही, तुम्हाला कुठून देणार? हंडे घेऊन आलेल्या बायकांना विचारा, पाळी लागते का, किती वेळ थांबता. सरपंचांना विचारू नका, ते ‘योजना मंजूर आहे’ म्हणतील. बोअर लागेलच असं या कातळात छातीठोकपणे कुणी सांगत असेल तर तो बोअरवाला आहे. छपराचं पाणी धरायला वीस-पंचवीस हजार लिटरची टाकी पहिल्या दिवसापासून खर्चात धरा.

पावसाच्या दृष्टीनं वाई तुमच्या वयाला मानवणारी. महाबळेश्वरला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. घाट उतरून वाई गावात आलं की हजाराच्याही आत. तुमची जागा या उतरंडीवर नक्की कुठे आहे, ते तिथल्या गोठ्यांवरून कळेल. पश्चिमेच्या भिंतीला पेंढ्याचा किंवा ताडपत्रीचा आडोसा बांधलेला असेल, जळण छपराला टेकेल इतकं रचलेलं असेल, तर झड जोराची आहे. अशा ठिकाणी तीन महिने कपडे वाळत नाहीत, गाद्यांना वास येतो, सौरऊर्जेचं पॅनल रुसून बसतं आणि महावितरणची लाइन झाडं पडून जाते. ते सोसणं कुणाला आवडतं, कुणाला नाही. म्हणून विसार देण्याआधी वाडीत एक खोली भाड्यानं घ्या आणि जुलैचा अख्खा महिना दोघांनी तिथे काढा. तुमची शाळा आहे म्हणता, मग तुम्ही शनिवार-रविवारी एसटीनं जा. सुरूर फाट्यावरून आत, वाईला गाडी बदलायची, मुक्कामाच्या गाडीनं वाडीच्या फाट्यावर उतरायचं. तो प्रवास तुम्हाला जमला तर जागा तुमची.

यजमानांच्या दिव्याचं काय? दहा मिनिटांच्या अंतरावरची वाडी घर कुठे बसवता त्यानुसार दिसेल किंवा लपेल. गटात एखादी टेकाडाची कड असेल तर तिच्या आड घर घ्या. वाडीच्या अंगाला बांधावर करंज, जांभूळ, बांबू लावा, पाच-सहा वर्षांत पडदा होतो. तोवर अंगणातला हॅलोजन तुम्हीच लावू नका म्हणजे झालं. गावकऱ्यांपासून लपायचं असेल तर मात्र तो नाद सोडा. फेब्रुवारीपासून डोंगराला वणवे लागतात. तुमच्या गवताला आग लागली तर झाडाच्या ओल्या फांद्या घेऊन धावत येणार ती वाडीच. दिवाळीनंतर घराभोवती गवत कापून जाळपट्टा काढायला माणसं लागतील तीही तिथलीच. देवळाच्या जत्रेची वर्गणी द्या, बारशाला जा. रोज कुणी तुमच्या ओट्यावर येऊन बसणार नाही, त्यांना कामं असतात.

लाकडी केबिनचा प्रश्न. आयत्या मिळणाऱ्या पाइनच्या केबिनी दिसतात गोड, पण वाळवी आणि झड या दोघींनी मिळून त्यांची लवकरच वाट लागते. कोयनेला तर मी नकोच म्हटलं असतं. वाईकडे जमेल, पण असं: जोतं काळ्या दगडाचं, अडीच-तीन फूट उंच, त्याखालच्या मातीला वाळवीप्रतिबंधक फवारणी. खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत दगड किंवा वीट, चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा, मग वर हवं तर लाकूड. छप्पर उतरतं आणि पश्चिमेला चार फूट तरी बाहेर काढलेलं. घराची पाठ पश्चिमेला, पडवी पूर्वेला. तिथल्या जुन्या घरांची तोंडं बघा, त्यांनी हे आधीच ठरवून ठेवलंय. आतून मात्र सगळं लाकडाचं करा, यजमानांचं स्वप्न तिथे पुरं होऊ द्या. दोन खोल्या, पडवी, मोरी, बास. पाहुण्यांची खोली काढू नका, नाहीतर एकांत पहिल्या डिसेंबरातच संपेल.

ताजा कलमात तुम्ही विचारलंय, सोबतीला कुत्रा पाळावा का? पाळा, पण राखणीसाठी अंगणात बांधून ठेवायला नको. बिबट्याला अंगणात बांधलेला कुत्रा फार सोपा पडतो. दिवेलागणीला त्याला घरात घ्यायचं आणि सकाळी उजाडल्यावर सोडायचं. त्याला रेबीजची लस देऊन ठेवा आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर लिहून फ्रिजवर लावा. गावातलं पिल्लू घ्या, पुण्याहून लॅब्रेडोर नेऊ नका.